राख, चिपाड आणि सिमेंट : टाकाऊ औद्योगिक पदार्थांपासून तंतुमय सिमेंटच्या वस्तू

पुणे–सोलापूर महामार्गावरील यवत आणि त्याच्या भोवतीचा दौंड तालुका हा प्रामुख्याने उसाचा आणि गुळाचा प्रदेश आहे. खडकवासल्याहून येणारा कालवा आणि भीमा, मुळा-मुठा या नद्यांचे पाणी यांच्या बळावर येथे उसाची शेती वाढली, तिच्या आधाराने गावोगावी गुऱ्हाळे उभी राहिली आणि पाटस येथील भीमा सहकारी साखर कारखान्यासारखे मोठे कारखानेही आले. शेजारच्या शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. पुढे दौंडमध्ये कुरकुंभची रासायनिक उद्योगांची वसाहत आणि शिरूरमध्ये रांजणगावची अभियांत्रिकी उद्योगांची वसाहत वाढीस लागली. या सर्व उद्योगांतून राख, चिपाडाचा भुगा, लोखंडाचा कीस, प्लास्टिकची पोती, कारखान्यांतील गाळ असे नाना प्रकारचे टाकाऊ पदार्थ दरवर्षी बाहेर पडतात, आणि त्यांपैकी काहींचा उपयोग सिमेंटच्या वस्तू घडवण्यासाठी होऊ शकतो.

प्रस्तुत लेख सिमेंटच्या वस्तू बनवणारे लहान उत्पादक, गवंडी, ग्रामपंचायती, बचत गट आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. त्याचे मुख्य प्रतिपादन असे की, टाकाऊ पदार्थ जसा मिळाला तसा सिमेंटमध्ये मिसळल्याने पर्यावरणाचेही भले होत नाही आणि बांधकामाचेही होत नाही. त्या पदार्थावर आवश्यक ती प्रक्रिया करून, त्याची चाचणी घेऊन आणि त्याच्या गुणांना साजेशी जागा ठरवून तो वापरला, तरच तो बांधकामाचा पदार्थ या नावाला पात्र होतो.

सिमेंटचा वापर कमी का करावा

साधे पोर्टलंड सिमेंट तयार करताना चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून ‘क्लिंकर’ नावाचे कठीण खडे मिळवले जातात आणि ते थोड्या जिप्समसह दळले जातात. या भाजण्यात चुनखडीचे विघटन होऊन तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू मुक्त होतो, शिवाय भट्टीच्या इंधनातूनही तोच वायू बाहेर पडतो. त्यामुळे मानवी व्यवहारांतून वातावरणात जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा जगभरातील सिमेंट उद्योगाचा असतो. चुनखडीतून निघणारा वायू इंधन बदलूनही टळत नाही, आणि म्हणून क्लिंकरचा काही भाग दुसऱ्या एखाद्या बंधक पदार्थाने भरून काढणे हा उत्सर्जन घटवण्याचा सर्वांत सरळ उपाय ठरतो.

तंतूंचे कार्य

सिमेंटचा गिलावा किंवा कॉंक्रीट दाब उत्तम सहन करते, परंतु ताण सहन करण्याची त्याची शक्ती दाबशक्तीच्या साधारण एक दशांशच असते, त्यामुळे वाकवले किंवा आपटले असता ते एकदम तडकते. मिश्रणात बारीक तंतू समप्रमाणात पसरले असतील, तर पडू पाहणाऱ्या भेगेच्या दोन्ही कडा ते धरून ठेवतात, भेग रुंदावू देत नाहीत आणि वस्तू एका क्षणात दोन तुकडे होण्याऐवजी हळूहळू नमते. अशा पदार्थाला तंतुमय सिमेंट म्हणतात.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे मिसळलेले होते, असे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दाखवले आहे, आणि तो गिलावा शतकानुशतके टिकून राहिला. मातीच्या भिंतींत गव्हाचा भुसा किंवा भाताचे तूस मिसळण्याची ग्रामीण रीतही त्याच तत्त्वावर आधारलेली आहे. सिमेंटमध्ये तंतूंचा औद्योगिक वापर विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियातील लुडविग हॅट्शेक यांनी सुरू केला, परंतु त्यांनी निवडलेला तंतू अ‍ॅस्बेस्टॉसचा होता. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले असून अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. अ‍ॅस्बेस्टॉसची जागा घेऊ शकणाऱ्या निरुपद्रवी तंतूंचा शोध हा त्यामुळे सिमेंट उद्योगातील एक महत्त्वाचा विषय झाला आहे.

राख आणि वनस्पतिजन्य तंतू यांचा परस्परसंबंध

उसाच्या प्रदेशात तंतूचा विचार करताना चिपाड सहज डोळ्यांसमोर येते, पण वनस्पतिजन्य तंतू आणि सिमेंट यांच्यात एक मूलभूत विरोध आहे. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच विरलेला चुना, मोठ्या प्रमाणात तयार होतो आणि मिश्रणाच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी बनते. हे पाणी तंतूमधील लिग्निन आणि हेमिसेल्युलोज हे घटक विरघळवते, तंतूच्या पोकळ्यांत चुन्याचे स्फटिक साचतात आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत लवचीक तंतू ठिसूळ होऊन निकामी ठरतो. अनेक प्रयोगांत आरंभी चांगली दिसणारी वस्तू पुढे तडकते, त्याचे प्रमुख कारण हेच असते.

याच ठिकाणी राखेचा उपयोग होतो. योग्य तापमानाला जळालेल्या बगॅसच्या, म्हणजे ऊस गाळल्यावर उरलेल्या चिपाडाच्या, राखेत सिलिका भरपूर असते. ती बारीक दळून सिमेंटमध्ये मिसळली असता ही सिलिका सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याशी संयोग पावते आणि त्यातून सिमेंटच्याच जातीचा नवा बंधक पदार्थ तयार होतो. या क्रियेला पोझोलानी क्रिया म्हणतात, आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, चुन्यात मिसळून पूर्वी केलेली बांधकामे याच क्रियेमुळे घट्ट झाली होती. राखेमुळे चुन्याचे प्रमाण आणि छिद्रांतील पाण्याची तीव्रता कमी होते, छिद्रे भरून येतात आणि ओलाव्याचा शिरकाव मंदावतो, त्यामुळे तंतूंचे आयुष्य वाढते. म्हणूनच वनस्पतिजन्य तंतू वापरायचे असतील तर राख हा केवळ स्वस्त पूरक पदार्थ न समजता तंतूंच्या संरक्षणाचा आवश्यक घटक समजावा, आणि राखेविना चिपाडाचे तंतू सिमेंटमध्ये घालण्याचे टाळावे.

कोणता पदार्थ घ्यावा, कोणता टाळावा

एक टन ऊस गाळला असता त्यातून साधारण २५० ते ३०० किलो ओले बगॅस मिळते आणि ते जाळल्यावर सुमारे ६ किलो राख उरते. या हिशेबाने दररोज ५००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यातून रोज ३० टनांच्या आसपास राख निघते. लहान उत्पादकाच्या गरजेपेक्षा हे प्रमाण कितीतरी मोठे असल्याने राखेच्या उपलब्धतेपेक्षा तिच्या गुणवत्तेकडे लक्ष देणे अधिक महत्त्वाचे ठरते.

राख घेण्यापूर्वी ती कोणत्या इंधनाची आहे याची लेखी माहिती घ्यावी. केवळ बगॅस जाळणाऱ्या बॉयलरची राख उपयुक्त असते. बॉयलरमध्ये कोळसाही जाळला जात असेल तर राखेची घडण हंगामानुसार बदलते, म्हणून अशा राखेची प्रत्येक खेपेस वेगळी चाचणी करावी लागते. आसवनीतील स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी, जाळणाऱ्या बॉयलरची राख मात्र सिमेंटसाठी मुळीच घेऊ नये, कारण तिच्यात पोटॅशचे प्रमाण फार असते. ती खत म्हणून मोलाची असली तरी सिमेंटमधील अल्कली वाढवून पुढे तडे पाडू शकते. प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ, हा सेंद्रिय पदार्थ असल्याने त्याची जागा कंपोस्टच्या खड्ड्यात आहे.

गुऱ्हाळाच्या चुलाणातील राखेबाबत विशेष सावधगिरी हवी. चुलाणाचे तापमान सर्वत्र सारखे नसल्याने या राखेत अर्धवट जळालेला कोळसा पुष्कळ असतो. ज्या चुलाणात चिपाडाबरोबर प्लास्टिक, टायर, जुन्या चपला किंवा कारखान्यांतील कचरा इंधन म्हणून जाळला जातो, तेथील राखेत जड धातू आणि क्लोराइड येण्याचा संभव असतो. क्लोराइडमुळे लोखंडी सळई गंजते आणि जड धातू पाण्याबरोबर झिरपू शकतात, म्हणून अशी राख फुकट मिळाली तरी नाकारावी.

कोळशाच्या औष्णिक वीजकेंद्रांतील राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, आणि लोखंडाच्या झोतभट्टीतील दाणेदार मळीची पूड हे दोन पदार्थ मानकांनी बांधून दिलेले आणि सर्वांत विश्वासार्ह आहेत. महाराष्ट्रात परळी आणि नाशिकजवळील एकलहरे येथील वीजकेंद्रांतून फ्लाय अ‍ॅश मिळते, तर झोतभट्टीतील मळीची पूड बाजारात पोत्यांत उपलब्ध असते. दूरवरून वाहतूक करण्यात खर्च आणि इंधन दोन्ही लागत असल्याने यवतच्या उत्पादकाने स्थानिक राखेचा दर्जा पुरेसा नसेल तेव्हाच या पदार्थांकडे वळावे.

कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतींमधील सांडपाणी शुद्धीकरणाचा गाळ, रंगकामाचा गाळ, आम्लयुक्त अवशेष हे पदार्थ कोणत्याही परिस्थितीत वस्तू बनवण्यासाठी घेऊ नयेत. घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा कचऱ्याचा वापर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पूर्वपरवानगीविना करता येत नाही, आणि त्याच्या शास्त्रोक्त विल्हेवाटीसाठी रांजणगाव येथे सामायिक केंद्र कार्यरत आहे. सिमेंटमध्ये गाडला की विषारी पदार्थ निरुपद्रवी होतो, ही समजूत धोक्याची आहे. घरातील ओटा किंवा जनावरांची गव्हाण ही घातक कचरा पुरण्याची जागा होऊ शकत नाही.

वाळूसाठी नदीपात्रावर अवलंबून राहण्याऐवजी काळ्या पाषाणाची धुतलेली क्रश सँड घ्यावी. खडीच्या यंत्रावरील न धुतलेली भुकटी फार बारीक असल्यामुळे पाण्याची मागणी वाढवते, म्हणून तिचे प्रमाण मर्यादित ठेवावे.

राखेवरील प्रक्रिया

कारखान्यातून येणारी राख बहुधा ओली असते आणि तिच्यात काळे, तंतुमय, अर्धवट जळालेले कण असतात. प्रथम राख ताडपत्रीवर पातळ पसरून पूर्ण वाळवावी. नंतर ती ३०० मायक्रॉन, म्हणजे ०.३ मिलिमीटर, छिद्रांच्या चाळणीतून चाळावी. अर्धवट जळालेले कण आकाराने मोठे असल्यामुळे ते चाळणीवरच राहतात. आयआयटी मद्रास येथील ए. बहुरुद्दीन आणि मनू संथानम यांच्या संशोधनात, चाळल्यानंतर सिमेंटइतक्या बारीकपणापर्यंत दळलेली बगॅसची राख चांगली पोझोलानी क्रिया दाखवते असे आढळले आहे, आणि ही दोन पायऱ्यांची पद्धत लहान उद्योगालाही झेपण्यासारखी आहे. दळण्यासाठी बॉल मिल, म्हणजे पोलादी गोळ्यांचे फिरते पिंप, वापरले जाते. प्रत्येकाने ते विकत घेण्याची गरज नसून अनेक उत्पादकांनी मिळून एक यंत्र चालवणे अधिक परवडते.

राखेचा रंग हा पहिला संकेत असतो. गडद काळी राख कार्बनचे आधिक्य सुचवते, आणि असा कार्बन पाणी तसेच रसायने शोषून घेऊन मिश्रण घट्ट करतो. उलट फार वेळ आणि अतिउच्च तापमानाला जळालेल्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते. साधारण ६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान जळालेली राख अधिक क्रियाशील असते. उसाबरोबर आलेली शेतातील माती आणि वाळू याही राखेत सिलिका म्हणूनच मोजल्या जातात, पण त्या निष्क्रिय असतात, म्हणून केवळ रासायनिक पृथक्करणाच्या अहवालावर विसंबू नये.

बगॅसच्या राखेसाठी तुलनेचा आधार म्हणून फ्लाय अ‍ॅशचे भारतीय मानक, आयएस ३८१२ (भाग १), उपयोगी पडते. त्या मानकाप्रमाणे सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोहऑक्साइड यांची बेरीज किमान ७० टक्के असावी, भाजल्यानंतर होणारी घट, म्हणजे मुख्यतः न जळलेल्या कार्बनचे प्रमाण, ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, बारीकपणा किमान ३२० चौरस मीटर प्रति किलो असावा आणि चुन्याशी होणारी क्रियाशीलता किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी. पोझोलानी पदार्थांच्या या चाचण्यांची पद्धत आयएस १७२७ मध्ये दिलेली आहे आणि त्या पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतून करून घेता येतात. कारखान्यातील उपपदार्थांविषयी माहितीसाठी यवतहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या मांजरी येथील वसंतदादा साखर संस्थेचा आधार घेणे सोयीचे आहे.

तंतूंवरील प्रक्रिया आणि साखरेचा अडथळा

गुळाच्या प्रदेशातील उत्पादकाने सर्वांत आधी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे साखर सिमेंटचे घट्ट होणे रोखते. सिमेंटच्या वजनाच्या अवघे ०.०५ टक्के साखर मिश्रणात गेली तरी घट्ट होण्यास काही तासांचा उशीर होतो, आणि ०.२ टक्क्यांपासून पुढे सिमेंट जवळजवळ घट्टच होत नाही. जुन्या चुन्याच्या कामात गवंडी गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा मुद्दाम घालत असत, पण चुन्याला जे मानवते ते पोर्टलंड सिमेंटला मानवत नाही. चरकातून निघालेल्या चिपाडात रसाचा अंश राहतोच, म्हणून न धुतलेले चिपाड सिमेंटमध्ये घालणे म्हणजे वस्तू हमखास बिघडवणे होय. राखेत हा दोष नसतो, कारण जळताना साखर नष्ट झालेली असते.

चिपाड आधी उन्हात वाळवून त्याचा आतला मऊ गर झटकून किंवा चाळून वेगळा करावा, कारण त्यात ताकद नसते आणि साखर मात्र जास्त असते. उरलेले बाहेरचे राठ तंतू गरम पाण्यात धुवावेत, नंतर विरलेल्या चुन्याच्या निवळीत एक दिवस भिजवून पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवून वाळवावेत आणि १० ते ३० मिलिमीटर लांबीचे तुकडे करावेत. धुण्याचे साखरयुक्त पाणी विहिरीत किंवा ओढ्यात न सोडता कंपोस्टच्या खड्ड्यात वापरावे. धुणे पुरेसे झाले की नाही हे ठरवण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे : तयार तंतू चोवीस तास पाण्यात ठेवून ते पाणी गाळून घ्यावे, त्या पाण्यात आणि साध्या पाण्यात सिमेंटचे दोन सारखे लगदे मळावेत आणि दोन्ही सारख्याच वेळात घट्ट होतात का ते पाहावे, पहिल्या लगद्याला ठळक उशीर लागत असेल तर तंतू पुन्हा धुवावेत.

वनस्पतिजन्य तंतूंपैकी घायपाताचा तंतू चिपाडापेक्षा बळकट असतो आणि काथ्या ओलाव्यात अधिक टिकतो, त्यामुळे चिपाडाच्या तंतूंबरोबर त्यांचे मिश्रण करता येते. औद्योगिक तंतूंमध्ये पॉलिप्रॉपिलीन अल्कधर्मी पाण्यातही टिकते. साखर, सिमेंट आणि खते यांच्या विणलेल्या प्लास्टिक पोत्यांचा हा पदार्थ स्वच्छ धुवून, पट्ट्या कापून वापरता येतो. पॉलिएस्टर, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक, आणि साधे काचतंतू हे मात्र सिमेंटच्या अल्कलीत हळूहळू झिजतात, म्हणून दीर्घायुषी वस्तूंत ते टाळावेत. यंत्रशाळेतील लोखंडाच्या किसावर कापकामाचे तेल असते. ते डिटर्जंटने पूर्ण धुतल्याशिवाय सिमेंट त्याला धरत नाही, आणि उघड्या पृष्ठभागावर गंजाचे डाग पडत असल्याने त्याचा उपयोग जमिनीवरील जाड थरांपुरता ठेवावा.

प्रमाण ठरवण्याची पद्धत

राख मिसळायची असेल तर साधे पोर्टलंड सिमेंट, म्हणजे ओपीसी, घ्यावे. बाजारातील पीपीसी, म्हणजे पोझोलाना-मिश्रित पोर्टलंड, सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश कारखान्यातच मिसळलेली असते, आणि त्यात आणखी राख टाकल्यास चुना अपुरा पडून राखेचा उरलेला भाग केवळ भरताड म्हणून राहतो. पोत्यावरील छापील नाव न वाचता सिमेंट घेणे हे या कामातील अपयशाचे नेहमीचे कारण ठरते.

प्रारंभी चार मिश्रणे करावीत : एक राखेविना, आणि उरलेल्या तीनमध्ये सिमेंटच्या वजनाचा १०, १५ आणि २० टक्के भाग राखेने बदललेला. उदाहरणार्थ, १५ टक्क्यांच्या मिश्रणात ८.५ किलो सिमेंट आणि १.५ किलो राख मिळून १० किलो बंधक, त्याला २० ते ३० किलो वाळू, सुमारे ४.५ लिटर पाणी आणि वनस्पतिजन्य तंतू असल्यास आरंभी १०० ग्रॅम तंतू, हे प्रमाण ठेवता येते. पाणी कमी पडते असे वाटल्यास पाणी वाढवण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे मिश्रण सैल करणारे रसायन, अल्प प्रमाणात घालावे, कारण अधिक पाणी हे कमी शक्तीचे आणि अधिक भेगांचे मूळ असते. पॉलिप्रॉपिलीनचे तयार बारीक तंतू कॉंक्रीटच्या प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ९०० ग्रॅम वापरले जातात. या प्रमाणात ते ओल्या अवस्थेतील आकुंचनाच्या भेगा रोखतात, पण त्यांच्यामुळे सळईची गरज संपत नाही.

प्रत्येक मिश्रणाचे ७०.६ मिलिमीटर बाजूचे नऊ ठोकळे करून त्यांतील तीन-तीन ७, २८ आणि ५६ दिवसांनी दाबून तपासावेत, म्हणजे चार मिश्रणांचे मिळून ३६ ठोकळे लागतील. पोझोलानी क्रिया सावकाश होत असल्याने ७ दिवसांचा आकडा राखेच्या मिश्रणात कमी दिसणे स्वाभाविक असते, त्यावरून निर्णय घेऊ नये. ५६ दिवसांनीही शक्ती राखेविना केलेल्या मिश्रणाच्या जवळ पोहोचत नसेल, तर ती राख किंवा ते प्रमाण योग्य नाही असे समजावे. तंतूंचा गुण दाबाच्या चाचणीत दिसत नाही, म्हणून ४० × ४० × १६० मिलिमीटरचे छोटे दांडे करून त्यांची वाकण्याची चाचणी घ्यावी. याखेरीज काही दांडे आलटून पालटून पाण्यात भिजवून आणि उन्हात वाळवून काही महिन्यांनी पुन्हा तपासावेत, कारण वनस्पतिजन्य तंतूंची खरी परीक्षा काळच घेतो.

कालवणे, ओतणे आणि पाणी मारणे

सिमेंट आणि राख कोरड्या स्थितीतच एकजीव करावी, नंतर वाळू आणि त्यानंतर पाणी घालावे. वनस्पतिजन्य तंतू आधी पाण्यात भिजवून, वरचे पाणी निथळून घ्यावेत, अन्यथा ते मिश्रणातील पाणी शोषून घेतात. तंतू शेवटी, मोकळे करून, हाताने भुरभुरत टाकावेत. एकदम टाकल्यास त्यांचे गोळे होतात आणि अशा गोळ्याजवळच वस्तू फुटते. साच्यात भरलेला माल कंपन देऊन दाबावा, मात्र कंपन फार वेळ दिल्यास हलके तंतू वर येतात.

दौंड आणि शिरूर हे पर्जन्यछायेतील तालुके असल्याने कोरडी हवा आणि कडक ऊन हे तेथील सिमेंटकामाचे मोठे शत्रू आहेत. आयएस ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटच्या कामावर किमान ७ दिवस, राखमिश्रित कामावर किमान १० दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत राखमिश्रित कामावर १४ दिवस ओलावा टिकवावा लागतो. राखेची क्रिया ओलावा असेपर्यंतच चालते, म्हणून वस्तू सावलीत रचून ओल्या गोणपाटाने आणि वरून प्लास्टिकच्या कागदाने झाकाव्यात. त्यामुळे पाण्याचीही बचत होते, आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या गावांत ही बचत लक्षणीय असते.

वापराची क्षेत्रे, मानके आणि सुरक्षितता

स्थानिक राख आणि चिपाडाचे तंतू यांच्या मिश्रणाचा उपयोग प्रथम भार न वाहणाऱ्या किंवा अगदी हलका भार वाहणाऱ्या वस्तूंपुरता ठेवावा : खिडकीवरील जाळ्या, कुंपणाच्या पट्ट्या, बागेतील कुंड्या, गटारांवरील पादचारी मार्गाची हलकी झाकणे, भिंतीचे आतील आवरणपट्ट. स्लॅब, तुळई, खांब, जिना आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांसाठी हे मिश्रण वापरू नये; तेथे मानकाने मान्य केलेले सिमेंट आणि अभियंत्याचे संकल्पन हाच मार्ग आहे. पेव्हर ब्लॉक करायचे असल्यास आयएस १५६५८ या मानकाप्रमाणे शक्ती आणि पाण्याचे शोषण तपासावे. छतासाठी तंतू-सिमेंटच्या लांब पन्हाळी पत्र्यांचे मानक आयएस १४८७१ आणि सपाट पत्र्यांचे मानक आयएस १४८६२ हे आहे. त्या चाचण्यांत उतरल्याशिवाय कोणताही पत्रा छतासाठी विकू नये, कारण त्यावर चढणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

राख घेताना कारखान्याकडून पावती आणि इंधनाचा तपशील घ्यावा. साखर कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात राखेच्या विल्हेवाटीची तरतूद नमूद असते, त्याच्याशी हा व्यवहार सुसंगत असावा. प्रत्येक खेपेची तारीख, मूळ, चाळणीवर उरलेले प्रमाण आणि चाचणीचा निकाल यांची नोंदवही ठेवावी, म्हणजे एखादी खेप बिघडल्यास कारण शोधता येते आणि ग्राहकालाही विश्वास वाटतो.

राख चाळणाऱ्या आणि दळणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांत सिलिकाची बारीक धूळ जाऊन कायमचा आजार होऊ शकतो. साधा रुमाल त्यासाठी पुरेसा नसून बारीक धूळ रोखणारे मुखपट्ट, बंदिस्त चाळणी आणि पाण्याचा हलका फवारा यांची व्यवस्था मालकाने करावी. जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडून त्यांचा चुरा नव्या सिमेंटमध्ये मिसळण्याचा विचारही करू नये; ते ओले करून, न फोडता काढावेत आणि अधिकृत केंद्राकडे सोपवावेत.

उसाच्या पट्ट्यात राख आणि तंतू हे दोन्ही पदार्थ हाताशी आहेत, त्यांच्या वापराचे शास्त्र सिद्ध झालेले आहे आणि आवश्यक चाचण्यांच्या सोयी पुण्यापर्यंतच्या प्रवासात मिळतात. उणीव आहे ती चाळणे, धुणे, दळणे आणि मोजणे या चार कामांना वेळ देण्याची. यवत परिसरातील उत्पादकांनी आणि ग्रामपंचायतींनी येत्या गाळप हंगामात एका कारखान्याची एक खेप राख घेऊन ३६ ठोकळ्यांची चाचणी करून पाहावी, तिचे निकाल गावातील गवंड्यांसमोर खुले ठेवावेत, आणि निकाल समाधानकारक असतील तरच, आणि तेही लहान वस्तूंपासून, उत्पादनाला आरंभ करावा.